अण्णा, प्रायमरचं राहूनच गेलं

अण्णा, तुमचं तेरावं परवा झालं. पाहुणे आपापल्या गावी परतले, सतरंज्या झटकून मंडपवाल्याकडे गेल्या, शालूताईंनी तुमचा चष्मा पुसून कपाटात ठेवला. त्या दिवसांत जो येई तो म्हणे, अण्णा म्हणजे देवमाणूस, कधी कुणाशी वाकडं बोलले नाहीत. मी मान डोलावत होतो. गेलेल्या माणसाच्या घरात बसून खरं-खोटं कोण करणार? पण तुम्हाला आणि मला ठाऊक आहे की माझ्याशी तुम्ही लग्नाच्या दिवसापासून वाकड्यातच होता, आणि मीही काही कमी नव्हतो.

भर दुपारी, दुकानात, हातात पॉलिश पेपर घेऊन तुम्ही खाली बसता काय आणि उठतच नाही काय! ही काय रीत झाली? माझा तुमच्यावर राग आहे, आणि रडून झाल्यावर तो जास्तच वर येतोय. आपलं भांडण मिटलं नव्हतं. मिटवायला हवंच होतं असंही नाही, पण त्यातली एक गोष्ट मला विचारायची होती आणि मी वर्षानुवर्षं ती गिळून बसलो. गंधवानीला जे होता होता राहिलं, त्याचा दोष तुम्ही शेवटपर्यंत माझ्याच माथी ठेवला होता का? एवढंच. आता विचारतोय, तर समोर फोटो आणि त्याला घातलेला हार.

आपण साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे. शालूताई तुमच्या घरी धारला आल्या, धाकटी मंगल माझ्या घरी देवासला. या नात्यात एकमेकांची टर उडवायला पूर्ण मुभा असते आणि आपण ती पुरेपूर वापरली. तुमचं घराणं दरबाराबरोबर धारला आलेलं. तुमचे आजोबा दरबारच्या बग्ग्या रंगवायचे, वडील लॉऱ्या रंगवायचे, तुम्ही जुने ट्रॅक्टर. माझे वडील खानदेशातून देवासला कारखान्याच्या नोकरीसाठी आले, आणि मीही पुढे कारखान्याच्याच पेंट विभागात चिकटलो. आमच्याकडे पत्रा सात टाक्यांतून बुडून निघतो, तेल जातं, गंज जातो, मग गंज अडवणारा प्रायमरचा थर, मग भट्टी, मग रंग. प्रायमरशिवाय रंग मारायचा हे मला आंघोळीशिवाय सोवळं नेसण्यासारखं वाटायचं. अजूनही वाटतं.

आपली पहिली चकमक लोहारद्याला सासुरवाडीत झाली. माझ्या हाताची हळदही उतरली नव्हती. लग्नघरात शोभा म्हणून मामांचा, म्हणजे आपल्या सासऱ्यांचा, जुना ट्रॅक्टर तुम्ही अंगणात रंगवला होता आणि शेवटचा हात चालला होता. नवा जावई मी, गप्प बसावं की नाही? मी मडगार्डवर बोट फिरवलं आणि विचारलं, "प्रायमर कुठला मारलात?"

तुम्ही ब्रश न थांबवता म्हणालात, "कुठलाच नाही."

"म्हणजे जुन्या रंगावर नवा रंग?"

"अहो देवासकर, कंपनीनं पहिल्यांदा जो रंग चढवला तो वीस वर्षं उन्हापावसात टिकलाय. त्याच्यापेक्षा चांगला प्रायमर तुमच्या बापानं तरी पाहिलाय का? घासायचा, धुवायचा, त्याच्यावर हात मारायचा. खतम."

"आणि जिथं पत्रा उघडा पडलाय तिथं?"

"तिथं दोन हात जास्त."

मामा हसले, शालूताई हसल्या, सगळ्यात जास्त माझी नवी बायको हसली. मी त्या दिवसापासून देवासकर झालो. दोन पावसाळे गेले आणि जिथं तुम्ही दोन हात जास्त दिले होते नेमके तिथंच रंगाचे फोड आले, तेव्हा मी खास लोहारद्याला जाऊन ते बघून आलो आणि तुम्हाला ट्रंककॉल केला. तुम्ही म्हणालात, "मामा ट्रॅक्टर गोठ्यात लावतात, म्हशीच्या मुताला काय तुमचा प्रायमर अडवतो?" हरायचं तर नाहीच, असं ठरवून जन्माला आलेले तुम्ही.

पण तुमचं खरं कारण मला पुढे हळूहळू कळलं. एका रविवारी तुमच्या दुकानात बसलो असताना एक शेतकरी जुना ट्रॅक्टर बघायला आला. त्यानं इंजिन सुरू करून पाहिलं नाही, टायर पाहिले नाहीत. खिशातून मोटरसायकलची किल्ली काढली, वाकून मडगार्डच्या आतल्या बाजूला खरवडलं आणि बोटानं पुसून पाहिलं. निळ्याखाली निळाच निघाला तेव्हा तो सरळ उभा राहिला आणि मग बोलायला लागला. तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "पाहिलंत? खालून लाल निघाला असता तर एक शब्द न बोलता चालता झाला असता. आमच्याकडे लाल निघाला म्हणजे गाडी ठोकलेली आहे, जोडलेली आहे, काहीतरी दडपलंय." तुमच्या सगळ्या भागात रेड ऑक्साइडची, म्हणजे लाल प्रायमरची, ही अशी बदनामी. तुम्ही ती नुसती बाजाराची समजूत म्हणून पाळत नव्हता, तुमचा त्यावर मनापासून विश्वास होता. लोखंड माणसाला दिसत राहिलं पाहिजे, असं तुम्ही म्हणायचात. चीर पडली, सांधा सुटला, तर रंगाच्या एका थरातून ती डोकं वर काढते, तीन थरांखाली ती मुकाट बसते.

मी म्हणायचो, अण्णा, चीर बघायला डोळे आणि हातोडी आहे, त्यासाठी अख्खा पत्रा गंजू द्यायचा का? तुम्ही म्हणायचात, गंज दिसतो, म्हणून तो प्रामाणिक. असं आपलं चालायचं. चहा होई, पोहे होत, शेव संपे, बहिणी बहिणींचं आत काही कुजबुजणं होई, आणि बाहेर आपण दोघं एका मडगार्डवरून तावातावानं बोलत असू. मला ते रविवार फार आवडायचे. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तुम्ही त्याचीही टर उडवली असतीत.

आता गंधवानीचं बोलतो. दहा वर्षांत आपण दोघांनी त्याचं नावही काढलं नाही. आज मी काढणार आहे.

नव्वदच्या दशकाची अखेर होती, लगीनसराई सुरू व्हायची होती. जुन्या ट्रॅक्टरांच्या एका दलालानं तो लाल ट्रॅक्टर तुमच्याकडे आणला तेव्हा मी तिथंच होतो. ट्रॅक्टर आधीच नखशिखांत रेड ऑक्साइडमध्ये न्हालेला. दलाल म्हणाला, "अण्णा, मेहनत का काम हमने कर दिया, आप बस ऊपर से चमका दो." तुमची रीत काय होती? असा ट्रॅक्टर आला की एकतर तो थर उतरवायचा, नाहीतर ट्रॅक्टर परत धाडायचा. तुम्ही परत धाडायच्याच बेतात होता. मी म्हणालो, अण्णा, आयता प्रायमर लावून आलाय, एकदा तरी करून बघा, फरक बघा, नंतर हवं तर मला शिव्या द्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, ट्रॅक्टरकडे पाहिलंत आणि म्हणालात, "चला, देवासकरांच्या समाधानासाठी." आणि त्यावर लाल रंग काय सुरेख बसला हो! आरशासारखा. तुम्ही स्वतः दोन पावलं मागे जाऊन बघत राहिला होता. मी शेजारी उभा होतो आणि मला जिंकल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या रविवारी मी परत आलो तो तुमच्या तोंडून हार कबूल करून घ्यायला. ट्रॅक्टर दोन दिवसांपूर्वीच गेला होता. आपण दुकानासमोर चहा घेत होतो आणि वेल्डर युसूफभाई रस्त्यानं चालले होते. ते सहज थांबले, सहज म्हणाले, "अण्णा, वो लालवाला गया क्या? उसका मुँह मैंने जोड़ा था. बीड का था, मैंने तो बोला था उसको, ये जोड़ खेत तक ठीक है, ट्रॉली मत लगाना."

तुम्ही हातातला पेला खाली ठेवलात. तुमचं तोंड मातीच्या रंगाचं झालं. ट्रॅक्टरचं तोंड म्हणजे काय हे मला सांगायची गरज नव्हती. पुढच्या चाकांचा आस ज्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, तुकड्यानं इंजिनाला धरलेला असतो तो तुकडा. तो तुटला की पुढची चाकं ट्रॅक्टरच्या खालून निघून जातात. बिडाला वेल्डिंग नीट धरत नाही हे कारखान्यातल्या झाडूवाल्यालाही माहीत असतं.

तुम्ही एवढंच म्हणालात, "माझी स्कूटर काढा."

दलालाच्या अड्ड्यावर तो खाटेवर पडून ट्रान्झिस्टर ऐकत होता. तुम्ही विचारलंत, कुणाला दिला? तो म्हणाला, "अरे अण्णा, बैठो तो सही. जोड़ पक्का है भिया, क्यों टेंशन लेते हो?" मग मी जे पाहिलं ते पूर्वी कधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही नाही. तुम्ही त्याच्या सदऱ्याची गळपट्टी धरून त्याला खाटेवरून उठवलंत. आवाज मात्र चढवला नाहीत. "नाव सांग," तुम्ही मराठीत म्हणालात, आणि त्याला मराठी येत नसूनही ते कळलं. गंधवानीच्या अलीकडचा एक फलिया म्हणजे भिल्लांची वाडी, नानसिंग नावाचा माणूस, धाकट्या भावाचं लग्न, वरातीसाठी घेतलाय. वरात कधी? "आज ही तो है."

तिरला गाव मागे पडलं. माळव्याचं पठार संपून खाली उतार लागला. मी चालवत होतो, तुम्ही मागे. उतारावर समोरून येणारी प्रत्येक ट्रॉली दिसली की तुमचा हात माझ्या खांद्यात रुतायचा. लाल आहे का? नाही, निळा. लाल आहे का? नाही, हिरवा. एका वळणावर रस्त्याकडेला माणसं जमलेली दिसली आणि मी स्कूटर थांबवायला गेलो तर तुम्ही ओरडलात, "थांबू नका, आधी बघा!" तिथं एक बैल बसकण मारून बसला होता, बाकी काही नव्हतं. आपण दोघंही हसलो नाही.

फलियावर पोचलो तेव्हा ढोल वाजत होता. ट्रॉली भरली होती. बायका, कडेवरची पोरं, म्हाताऱ्या, नवरदेवाच्या आत्या-मावश्या, सगळ्या नव्या लुगड्यांत दाटीवाटीनं बसलेल्या. ट्रॅक्टरच्या नाकावर झेंडूचा हार आणि कुंकवाचे पंजे, आणि खाली तो तुमचा आरशासारखा रंग. नानसिंग सीटवर बसून इंजिन सुरू करून बसला होता. पुढे गावाबाहेर पडलं की लगेच उतार, हे आपण येताना पाहिलं होतं.

तुम्ही स्कूटर थांबायच्या आधीच उतरलात आणि ट्रॅक्टरच्या पुढ्यात जाऊन उभे राहिलात.

"हटो बाबूजी, मुहूर्त निकल रहा है," नानसिंग म्हणाला.

"इंजन बंद करो. आगे का मुँह टूटा हुआ है."

"क्या टूटा है? कल ही तो लाया हूँ. एकदम नया है."

"नया नहीं है. नया रंग है."

तुम्ही खिशातून पाना काढलात, खाली बसलात आणि हार बाजूला सारून खरवडायला सुरुवात केलीत. लग्नाच्या दिवशी, पूजा झालेल्या, हार घातलेल्या ट्रॅक्टरला एक परका माणूस ओरबाडतोय. ढोल थांबला. चार-पाच जण धावून आले, एकानं तुमचा दंड धरला, एकाच्या हातात काठी होती. मी मध्ये पडून हिंदीत काहीबाही बडबडत होतो, हे रंगारी आहेत, ह्यांनीच रंगवलाय, ऐका तरी. काठीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "इसने रंगा और ये ही खराब कर रहा है? पागल है?" तुम्ही हात सोडवून घेतलात आणि पुन्हा खरवडू लागलात. वरचा लाल गेला. रेड ऑक्साइड गेलं. खालून पुट्टीचा अंगठ्याएवढा जाड पोपडा निघून तुमच्या पायाशी पडला, आणि वेल्डिंगची ओबडधोबड रेघ दिसली. पण चीर दिसेना. युसूफभाईंचं काम शाबूत होतं. सगळे बघत होते. नानसिंगच्या चेहऱ्यावर आता नुसता राग नव्हता, आता तो मारणार होता.

त्या क्षणी मला वाटलं, आपण चुकलो, अण्णा, चला इथून. तुम्ही मात्र उठून उभे राहिलात आणि शांतपणे म्हणालात, "भाई, एक बार स्टेअरिंग घुमा दो. बस एक बार. फिर जो मारना है मार लो."

नानसिंगनं चाक डावीकडे फिरवलं. काही नाही. उजवीकडे फिरवलं, आणि वेल्डिंगच्या खालच्या कोपऱ्यात एक केसासारखी काळी रेघ उघडली. डावीकडे, मिटली. उजवीकडे, उघडली. नानसिंग खाली उतरला, गुडघ्यावर बसला, आणि चाक दुसऱ्याला फिरवायला लावून त्यानं त्या रेघेत स्वतःचं नख घालून पाहिलं. मग त्यानं वळून ट्रॉलीकडे पाहिलं. त्याची आई तिथं होती, नंतर कळलं. कुणी न सांगता बायका एकेक करून खाली उतरायला लागल्या, पोरं हातोहात खाली आली.

मग नानसिंग तुमच्या अगदी जवळ आला. "रंग किसने लगाया?"

दलालाचं नाव घ्यायला काय हरकत होती? पुट्टी त्याची, प्रायमर त्याचा, फसवणूक त्याची. मी तर तोंड उघडलंही होतं. तुम्ही म्हणालात, "मैंने लगाया."

अण्णा, मी कारखान्यात आयुष्य काढलं. आमच्याकडे एखादा पत्रा खराब निघाला तर दोष विभागाविभागातून असा फिरतो की संध्याकाळपर्यंत तो पत्रा कुणीच बनवलेला नसतो. "मैंने लगाया" हे दोन शब्द काठीवाल्या माणसासमोर इतक्या साधेपणानं म्हणता येतात हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तुम्हाला मी हे सांगायला हवं होतं. परतीच्या वाटेवर सांगायला हवं होतं. वरात जीप आणि बैलगाड्यांतून गेली, तुम्ही नानसिंगला शब्द दिलात की नवं तोंड मी स्वतः आणून बसवीन, आणि तो शब्द आठवड्याच्या आत पाळलात. मला सांगायचं होतं आणि मी शब्द जुळवत होतो.

पण घाट चढून वर आल्यावर तुम्ही मागून बोललात, "देवासकर, तुमच्या प्रायमरनं आज ट्रॉलीभर माणसं खाल्ली असती."

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, "प्रायमरनं नाही, पुट्टीनं. आणि हातोडीनं एकदा वाजवून पाहिलं असतंत तर तिथंच कळलं असतं."

ते वाक्य मी अजून मागे घेत नाही. ते खरंच आहे. तुमचंही खरं होतं, हे वेगळं. धारच्या बसस्टँडवर मला देवासची गाडी दाखवलीत आणि स्कूटर घेऊन निघून गेलात. पहिल्यांदाच, चहाला या म्हणाला नाहीत.

त्यानंतरचा पावसाळा सगळा असाच गेला. बहिणी बहिणींमधून निरोप चालायचे. मंगल म्हणायची, ताई म्हणत होती हे जेवत नाहीत धड. मी म्हणायचो, मग मी काय करू? रविवारी मी घरात येरझारा घालायचो आणि मंगल वैतागायची. शेवटी दसऱ्याला सोनं द्यायला म्हणून मीच आलो. तुम्ही दुकानाच्या दारात उभे होता. आपट्याचं पान घेतलंत, खिशात घातलंत आणि म्हणालात, "काय देवासकर, अजून लालच फासताय का?" माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी म्हणालो, "तुम्ही अजून उघडंच ठेवताय का?" आणि गाडी पुन्हा जुन्या रुळावर आली. दर महिन्याला एक तरी रविवार, तेच भांडण, त्याच मुद्द्यांवर, त्याच आवेशात. मोहनखेड्याला मंदिराचा पाण्याचा टँकर रंगवायचं काम मिळालं तेव्हा तर तुम्ही मला मुद्दाम तिथं बोलावून घेतलंत, टँकर दाखवून चिडवायला. गंधवानीचा शब्द मात्र दोघांनीही कधी काढला नाही. तो आपल्यात असाच पडून राहिला, आणि मला वाटत राहिलं की त्याच्या तळाशी तुमचा माझ्यावरचा आरोप तसाच आहे. तुम्ही टर उडवायचात तेव्हा मी तुमच्या डोळ्यांत तो शोधायचो. कधी दिसला असं वाटे, कधी नाही.

काल सकाळी माधुरीनं मला दुकानाची किल्ली दिली. म्हणजे दिली नाही, स्वतः उघडायला आली, मला बरोबर घेऊन. तुमची ही पोर तुमच्यावर गेलीय. डोळे रडून सुजलेत आणि कंबरेवर हात ठेवून उभी. म्हणाली, "काका, हा निळावाला अधूरा आहे. पार्टीला बाबांनी शब्द दिलाय. मी पूरा करीन, तुम्ही बस बघा, कुठे गलत होतंय का."

निळा ट्रॅक्टर मधोमध उभा होता, एक बाजू पूर्ण झालेली. ती आत दिवा लावायला गेली आणि मी त्या रंगवलेल्या बाजूशी एकटा होतो. मला काय झालं कोण जाणे. शेवटची खोडी काढावी, तुमच्या उघड्या पत्र्याला शेवटचं हसून घ्यावं असं वाटलं असेल. मी खिशातून किल्ली काढली, वाकलो आणि मडगार्डच्या आतून खरवडलं.

लाल निघालं.

मी बोटानं पुसलं, पुन्हा खरवडलं. बॉनेटच्या आतून खरवडलं. सगळीकडे लाल, एकसारखा पातळ थर, नीट वाळवून मारलेला, माझ्या कारखान्यात पास झाला असता असा. माधुरी बाहेर आली आणि ओरडली, "काका! खुरचताय काय!"

"माधुरी, हा प्रायमर कुणी मारला?"

"कुणी म्हणजे? बाबांनी."

"कधीपासून?"

"खूप दिवसांपासून. मी छोटी होते तेव्हापासून. त्या गंधवानीनंतर." तिनं ते नाव इतक्या सहज घेतलं. "आधी तर दलाल लोक येणंच बंद झालं होतं, अण्णांच्या दुकानाचा लाल निघतो म्हणून. बाबा म्हणायचे, जाऊ दे, ज्यांना ट्रॅक्टर ठेवायचाय ते येतील. फक्त पुढचं तोंड नाही रंगवायचे. ते बघा." तिनं ट्रॅक्टरच्या नाकाखाली बॅटरी मारली. बिडाचं ते तोंड स्वच्छ घासलेलं, रंगाचा ठिपका नाही, नुसतं तेलाचं बोट फिरवलेलं. "प्रत्येक ट्रॅक्टरचं असंच. घेणाऱ्याला बाबा स्वतः खाली बसवून दाखवायचे."

मी तिथं असलेल्या पत्र्याच्या डब्यावर बसलो. इतकी वर्षं! आलो त्या प्रत्येक रविवारी तुम्ही माझ्यासमोर बसून प्रायमरला शिव्या घालत होता, आणि पाठीमागच्या ट्रॅक्टरला तो लावलेला होता. मी भोळसट, एकदाही वाकून पाहिलं नाही. मला इतका राग आला अण्णा, की तुम्ही समोर असता तर मी खरोखर गळपट्टी धरली असती. मला मनातल्या मनात जाळलंत. मी समजत होतो तुम्ही मला दोषी धरून बसलाय, आणि तुम्ही माझं म्हणणं केव्हाच ऐकून मोकळे झाला होता.

"मग मला का नाही सांगितलं?" मी माधुरीला विचारलं. माझा आवाज चढला असावा, कारण ती जरा मागे सरली.

"बाबांनीच मना केलं होतं. म्हणायचे, देवासकरांना कळलं की मी मान्य केलं, तर झगडा संपला. मग ते इतक्या दूर दर महिन्याला कशाला येतील?"

अहो अण्णा. मी आलो असतो हो. भांडायला काही नसतं तरी मी आलो असतो.